रविवारचा ताप

मी रागीट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपणार नाही. शाळेतली पोरं पाठीमागे मला ‘टिकली’ म्हणत. दिवाळीत दगडाने ठेचतात ना, ती टिकली. जरा ठेचलं की फट्! विज्ञान बरं शिकवतो, म्हणून लोक सहन करतात.

माझ्या रागाला पुरून उरणारं एकच माणूस होतं, माझी बायको सिंधू. ती रामटेकची. एकदा झापायला लागली की तिचं वाक्य परसातल्या नळाशी सुरू व्हायचं आणि पुढच्या फाटकाशी संपायचं, मध्ये एकदाही श्वास नाही. माझी धरलेली कंबर, माझा विसरलेला डबा, माझी बहीण, माझी सायकल, सगळं एका दमात. मी रागाने लाल व्हायचो आणि मनातून थोडा थक्कही व्हायचो.

तिचा तो दम कायमचा जाता जाता राहिला. दहा वर्षं झाली त्याला. राहिला तो बायजाबाईंमुळे, आणि त्याच बायजाबाईंवर मी भर परसात ओरडलो होतो. दरवर्षी बाजारात संत्री आली की मला हे सगळं आठवतं. या वर्षी म्हटलं, लिहूनच काढू. उपकार नुसते मनात ठेवले की माणूस ते विसरायला मोकळा होतो.

नागपूरच्या नंदनवनात आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूचे निम्मे प्लॉट मोकळे होते. जमीन अशी की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. मला तिथे गुलाब हवे होते. पुस्तक वाचून मी परसात टिनाचं छप्पर घातलं आणि त्याखाली खताचा ढीग लावला. माल फळबाजारातून यायचा. बायजाबाई तिथे एका गोदामात संत्री निवडायचं काम करत. काटोलकडची संत्री लाकडी पेट्यांत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालून येत. चांगलं फळ विकलं जाई. सडकी फळं, साली आणि जुनं तणस दर शनिवारी बायजाबाई हातगाडीवर घालून माझ्या परसात आणून टाकत.

सुरुवातीला ढीग ओला असायचा. वास सुटला, चिलटं झाली, शेजारच्या शोभाताई भिंतीपलीकडून नाकाला पदर लावून बोलू लागल्या. मी म्हटलं, विज्ञानाकडे उपाय आहे. पाणी मारणं बंद केलं, कोरडं तणस जास्त घातलं. वास गेला. ढीग आतून तापायला लागला आणि त्यावर हिरवी-पांढरी बुरशी धरली. मला कोण आनंद! दर रविवारी सकाळी आठला ढीग खालीवर पालटायचा, असा मी नियमच करून टाकला.

पालटायचा म्हणजे सिंधूने पालटायचा. माझी कंबर धरलेली असायची. मी स्टुलावर बसून शाळेतलं लांब थर्मामीटर ढिगात खुपसायचो आणि वहीत लिहायचो: तारीख, ढिगाचा ताप, पालटला की नाही. सिंधू फावड्याने तणस उचलून पलीकडे टाकायची, तेव्हा गिरणीत पीठ उडतं तशी भुकटी उडायची. ती खोकली की मी म्हणायचो, “हुंग वं, हुंग! पेनिसिलिन बुरशीतूनच निघते. डॉक्टर पैसे घेते, मी तुले फुकट देऊन राहिलो.”

हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोललो आहे. एकदा नाही, दर रविवारी.

चौऱ्याहत्तरची दिवाळी झाली आणि त्यानंतरच्या रविवारी दुपारी चार वाजता सिंधूला हुडहुडी भरली. अंग तापलं, कोरडा खोकला सुरू झाला, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं म्हणाली. मंगळवारपर्यंत सगळं उतरलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, मलेरिया. कडू गोळ्या झाल्या. मग म्हणाले, नागपूरची थंडी बाधली. पौष उजाडेपर्यंत तिच्या अंगावरचं मांस उतरलं. नळापासून स्वयंपाकघरापर्यंत बादली आणताना ती दोनदा टेकायची.

आणि तिने मला झापणं बंद केलं. मी डबा विसरलो, ती काही बोलली नाही. चहा थंड आहे म्हणून मी कप आपटला, तर ती “बरं” म्हणाली. मला वाटलं, चला, बारा वर्षांनी बायको सुधारली! शाळेत मधल्या सुट्टीत मी हे चार मास्तरांना हसत सांगितलंसुद्धा. वाक्य पुरं करायला तिच्याजवळ हवाच उरली नव्हती, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

शेवटी छातीचा फोटो काढला. दोन्हीकडे धुरकट डाग. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि आवाज खाली आणून म्हणाले, क्षय. थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण फोटो बोलतो म्हणाले. रोजचं इंजेक्शन सुरू झालं. शोभाताईंकडे आमची वाटी अन् आमच्याकडे त्यांची, ही देवाणघेवाण थांबली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकही बाई आली नाही. सिंधूचा पेला कुणी सांगायच्या आधी मीच वेगळा काढून ठेवला.

डॉक्टर म्हणाले होते, पेशंटला मोकळी हवा द्या. मी दिली. टिनाच्या छपराला लागून, ढिगापासून चार पावलांवर मी तिची बाज टाकली, वर गोधडी, उशाशी तांब्या. त्या रविवारी तिला काम नको म्हणून मोठ्या मनाने ढीग मी स्वतः पालटला, कमरेला हात लावत. सगळी भुकटी वाऱ्याने बाजेवर गेली.

त्याच आठवड्यात सासरे आले, धोंडबा. लेकीला पाहून म्हाताऱ्याने तिची लुगडी गाठोड्यात बांधली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तिला रामटेकला घेऊन गेला. इंजेक्शनं तिकडच्या कंपाउंडरकडे चालू ठेवली. बारा दिवसांनी मी आणायला गेलो, तर बाई अंगणात उभी राहून भावजयीशी भांडत होती! गडाच्या पायऱ्या चढून आले म्हणाली. मी सासऱ्यांना इंजेक्शनांच्या गुणाबद्दल अर्धा तास व्याख्यान दिलं आणि शनिवारी तिला घरी आणलं. ढीग पालटायचा राहिला होता. रविवारी सकाळी तिने स्वतःहून फावडं हातात घेतलं आणि मी नको म्हटलं नाही. दुपारी चार वाजता हुडहुडी.

धोंडबा पुन्हा येऊन घेऊन गेले. पुन्हा ती बरी झाली. पुन्हा मी घरी आणली, पुन्हा रविवार, पुन्हा बाज. शोभाताई भिंतीपलीकडून म्हणाल्या, रामाची कृपा. कुणी म्हणालं, तुमच्या प्लॉटखाली काहीतरी आहे, जागा चांगली नाही. मी कुणाशीच धड बोलेनासा झालो. बापाच्या घरी जगते आणि माझ्या घरी मरते, याचा अर्थ मी एकच लावला: हा माझा अपमान आहे.

तिसऱ्यांदा धोंडबा आले ते निर्णय घेऊनच. बाजेजवळ उभं राहून म्हणाले, “जावईबापू, आता पोरीले तिकडंच राहू द्या. तुमच्या घरची हवा तिले मानवत नाही.”

टिकली ठेचली गेली. “माह्या घरात काय विष आहे का?” मी ओरडलो. “इथंच राहीन ते. आता हा उंबरा ओलांडून रामटेकले जायचं नाही, सांगून ठेवतो!” सिंधूने मला थांबवायला हात वर केला, तोंड उघडलं, पण शब्दाच्या जागी खोकला आला. मला ते दिसलं. तरी मी बोलत राहिलो. म्हातारा कोपऱ्यातली काठी उचलून बसस्टँडकडे चालता झाला. जिथे ती जगत होती तिथली वाट मी बंद केली आणि मनात म्हटलं, आता कळेल यांना, घर कुणाचं ते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मधले दीड महिने बाजारात माल नव्हता, म्हणून बायजाबाई आल्या नव्हत्या. आता उन्हाळ्याच्या तोंडावरची, मृग बहाराची संत्री आली होती. परसाच्या दाराशी हातगाडी लागली. पन्नाशीची काटक बाई, पदर नाकातोंडावरून घट्ट गुंडाळलेला, आणि तो ओला. तो ओला पदर मी वर्षभर पाहत होतो. मला वाटायचं, जन्म बाजारात गेला आणि नाक बघा किती नाजूक!

“जयभीम मास्तर,” म्हणत त्यांनी पोतं उचललं आणि त्यांना बाज दिसली. पोतं तसंच खाली ठेवलं. “कोन झोपलं इथं?”

“सिंधू. क्षय आहे तिले. जवळ जाऊ नका.”

त्या गेल्या. बाजेच्या काठावर बसल्या, वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून तिला पाणी पाजलं आणि उरलेलं स्वतः पिऊन टाकलं. दोन महिन्यांत त्या पेल्याला माझ्या घरातल्या माणसानेही ओठ लावला नव्हता. माणूस म्हणजे मीच.

“कधी येते वं ताप?” त्यांनी विचारलं.

“रविवारी,” सिंधू म्हणाली. थांबली, श्वास घेतला. “दुपारून.”

“रोज नाही?”

सिंधूने मान हलवली.

“हा ढीग कोन पालटते?”

सिंधूने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

बायजाबाई उठल्या. “मास्तर, हा क्षय नाही. हा गोदामाचा ताप आहे. तनस सडलं, मंग वाळलं, का त्याच्यातून हे जे भुकटी उडते, ते छातीत जाऊन बसते. आमच्या बायकांले होते ना. सकाळी जुनं तनस झटकलं का सांजच्याले हुडहुडी. म्हनून आमी आधी पानी शिंपडतो, ओला पदर बांधतो, वारा पाठीवर घेतो, मंग हात लावतो. माही बहीन रुखमा नव्हती ऐकत. म्हने, काय होते त्यानं? पाच वर्सं झटकत राहिली. गेली तवा तिले बाजेवरून मोरीपावेतो चालता येत नव्हतं. अन् तुमी हिले ढिगापाशीच निजवून राहिले? काहून गा मास्तर?”

यावर शहाण्या माणसाने काय करायला हवं होतं, ते मला आज कळतं. तेव्हा मी म्हणालो, “बायजाबाई, मी एकवीस वर्सं विज्ञान शिकवून राहिलो. बुरशीतून औषध निघते, औषध! तुमी संत्रे निवडा. मले शिकवू नका. पोते खाली करा अन् जा.”

त्या चिडल्या नाहीत. खाली ठेवलेलं पोतं त्यांनी पुन्हा उचलून गाडीवर चढवलं.

“हे मी इथं टाकत नाही,” त्या म्हणाल्या. “बाजारापासून ओढत आनलं, तसंच वापस नेईन. पन हिच्या उशाशी नाही टाकत.”

फाल्गुनातल्या उन्हात चार पोती ओढत ती बाई परत गेली. गाडीचं एक चाक करकरायचं. तो आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

मी इतका संतापलो की त्यांना खोटं पाडल्याशिवाय जेवायचं नाही असं ठरवलं. मास्तर माणूस, पुरावा हवा. माझी वही काढली, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि पुढच्या खोलीत जमिनीवर मांडून बसलो. ढीग पालटला नाही आणि तरी ताप आला, असा एक रविवार सापडला की पुरे होतं. वही घेऊन थेट गोदामात जाणार होतो, चारचौघांत वाचून दाखवणार होतो.

सतरा नोव्हेंबर, पालटला. अठराची चिठ्ठी. चोवीस नोव्हेंबर, पालटला. पंचवीसची चिठ्ठी. डिसेंबरात एका रविवारपुढे चिठ्ठीच नव्हती. मी वहीत पाहिलं: ‘शाळेची सहल, ढीग पालटला नाही.’ रामटेकचे सगळे दिवस कोरे. परत आल्याचा रविवार, पालटला; सोमवारची चिठ्ठी. दुसऱ्यांदा परत आल्याचा रविवार, पालटला, सोमवारची चिठ्ठी. मी मागून पुढे वाचलं, पुढून मागे वाचलं. मला हवा तो रविवार त्या वहीत नव्हता.

ढिगाचा ताप मी अर्ध्या अंशापर्यंत लिहिला होता, सुवाच्य अक्षरात, समासाची लाल रेघ मारून. बायकोचा ताप त्या वहीत एकदाही नव्हता.

तसाच उठून परसात गेलो, सिंधूला दोन्ही हातांनी उठवलं, आत आणलं, पुढच्या खोलीत गादीवर निजवलं आणि परसाचं दार लावून घेतलं.

“बायजाबाई खरं बोलून राहिली,” मी म्हणालो. “हे मी केलं, सिंधू.”

तिने माझा हात धरला आणि डोळे मिटले. बोलली नाही, आणि ती का बोलत नाही ते मला आता ठाऊक होतं.

सोमवारी वही, चिठ्ठ्या आणि फोटो घेऊन आम्ही मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर चारुशीला नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी पानं उलटून उलटून वाचली.

“ही वही कुणी ठेवली?”

“मी,” मी जरा ताठ होत म्हणालो.

“मग एवढे दिवस कसे लागले?”

त्यांनी पुन्हा थुंकी तपासली, रक्त तपासलं, आठवडाभर सिंधूला दवाखान्यात ठेवून घेतलं. मग शांतपणे समजावून सांगितलं. क्षय नव्हता. कुजणाऱ्या साली आणि तणसावर जी बुरशी वाढते, तिची अतिशय बारीक भुकटी श्वासातून फुप्फुसात खोल जाते. सगळ्यांना त्रास होत नाही. काहींचं शरीर मात्र तिच्याशी झगडायला लागतं आणि त्या झगड्यात फुप्फुसच सुजतं. लवकर थांबवलं तर भरून येतं. “आणखी वर्षभर असंच चाललं असतं,” त्या म्हणाल्या, “तर फुप्फुस चामड्यासारखं निबर झालं असतं. मग माझ्याकडे औषध नव्हतं.” इंजेक्शनं थांबली, काही आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, ढिगाजवळ ही पुन्हा दिसता कामा नये.

निघताना त्यांनी विचारलं, “ढिगाचं तुम्हाला सुचवलं कुणी?”

“फळबाजारात संत्री निवडणाऱ्या बाई आहेत. बायजाबाई.”

त्यांनी कागदावर नाव लिहून घेतलं. “त्यांना माझा नमस्कार सांगा. रोगी त्यांनी तपासलाय, मी फक्त सही केली.”

सिंधूला रामटेकला मीच पोचवलं. ज्या उंबऱ्याची शपथ घातली होती तो ओलांडताना तिचा हात मी धरला होता. धोंडबांच्या पायांवर डोकं ठेवलं, तर त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, “बापू, पोरगी वाचली. आता काय ते जुनं काढता?” मोठ्या मनाची माणसं अशी पटकन माफ करतात, आणि आपल्याला मात्र ते जन्मभर पुरतं.

तिथून आलो तो थेट गोदामात. बायजाबाई इतर बायकांबरोबर खाली बसून संत्री निवडत होत्या. वही दाखवून ज्यांना चारचौघांत खोटं पाडणार होतो, त्यांच्यासमोर त्याच चारचौघांत हात जोडले.

“बायजाबाई, मी चुकलो. माह्या सिंधूचा जीव तुमी वाचवला.”

त्यांनी हातातलं संत्रं बाजूला ठेवलं. “बसा मास्तर,” म्हणाल्या. मग बसायला पोतं पुढे सरकवत, “रुखमाच्या वक्ती आमाले कोनी सांगतलं नाही. आता आमाले मालूम आहे, तं सांगायचं नाही का?”

पुढच्या शनिवारी त्या आल्या, रिकामी गाडी घेऊन. ढिगावर आम्ही तीन दिवस पाणी मारलं. मग ओला पदर त्यांना आणि ओला पंचा मला, वारा पाठीवर, अशा बेताने तो ढीग परसाच्या टोकाला खड्ड्यात गाडला आणि वर हातभर माती लोटली. फावडं मी मारत होतो. त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. कंबर दुखत होती, ती दुखायलाच हवी होती. टिनाचं छप्पर काढून टाकलं. तेव्हापासून आठवीच्या वर्गात बुरशीचा धडा आला की पेनिसिलिनच्या आधी मी बायजाबाईंचं नाव घेतो. पाणी, पदर, पाठीवर वारा, हे पोरांकडून तोंडपाठ करून घेतो.

ज्येष्ठात सिंधू परत आली. गालांवर रंग होता, पण बोलणं अजून जपूनच. चार शब्द, थांबायचं. पुन्हा चार शब्द. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सूज ओसरली, दम मात्र हळूहळू येईल, आला तर. तो ‘आला तर’ डोक्यात ठेवून मी तिचे शब्द मोजत होतो.

त्या रविवारी मी बायजाबाईंना जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, सिंधूने चहा टाकला. मला हुक्की आली की खड्ड्यातलं खत कसं झालं ते बाईंना दाखवावं. परसाच्या टोकाला गेलो, कुदळीने माती उकरली, आणि गडबडीत तोंडाला पंचा बांधायचा राहिला. नळाशी कपबशा विसळणाऱ्या सिंधूने ते पाहिलं.

“अवो, तोंडाले फडकं कोन बांधन, तुमचा आजा? एवढं झालं तरी अक्कल आली नाही का, मले बाजेवर निजवून पोट भरलं नाही का आता सोताचीबी बाज टाकायची आहे तिथं, कंबर तं आधीच गेली, आता छाती घालवा अन् मंग बोलवा माह्या बापाले रामटेकहून सेवा कराले, तो डबा पाहा कालचा तसाच सायकलले लटकून राहिला, अन् बायजाबाईचा चहा थंडा होऊन राहिला, ठेवा ते कुदळ अन् या मुकाट्यानं इकडं!”

बोलता बोलता ती कपबशा घेऊन नळापासून घराच्या कडेने पार पुढच्या फाटकाजवळच्या बाकापर्यंत पोचली होती. मीही कुदळ टाकून तिच्या मागे मागे गेलो होतो, कान लावून. मध्ये एकदाही श्वास नव्हता. एकदाही नाही. तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं. ती बशीत चहा ओतत होती.

माझ्या डोळ्यांना धार लागली. बाकावर बसलेल्या बायजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पदराने स्वतःचे डोळे टिपले.

“ऐका मास्तर, ऐका,” त्या म्हणाल्या.

“ऐकून राहिलो, बाई,” मी म्हणालो. “बोल वं सिंधू. अजून बोल.”